मोंबासाला अडकलेला माल

१२ फेब्रु. १९७७
मालकांनी फौंड्रीच्या केबिनमध्ये बोलावलं. नैरोबीच्या व्यापाऱ्याची तार आलीय. केनिया-टांझानियाची सीमा बंद. इतकी वर्षं केनिया, टांझानिया, युगांडा यांचा बाजार एकच. आपले पंप केनियातल्या मोंबासा बंदरात उतरायचे, तिथून टांझानियात जायचे. आता तिघांचे बाजार वेगळे होणार म्हणे. माल मोंबासातच पडून. पुढचं काम थांबवा म्हणाले. साचे भरून तयार होते, भट्टी पेटवली नाही.

२३ फेब्रु.
काम नाही. झाडलोट, जुने साचे फोडणं. फोरमन म्हणून सगळे मलाच विचारतात. टांझानिया कुठं आहे ते मीच काल मुलीच्या नकाशात शोधलं.

२ मार्च
सहा माणसं कमी करायची, नावं मी द्यायची. शेवटी आलेला आधी जाणार, हा नियम. त्यात सहावं नाव दत्तूचं. धाकट्या बहिणीचा, शालनचा नवरा. गेल्या वर्षी मीच गडमुडशिंगीहून आणून कामाला लावला. मालकांना नातं ठाऊक. म्हणाले, "तुझा माणूस ठेव की. गणू मास्तर थकल्यात, त्यांचं नाव घाल." साचा भरायला मला मास्तरांनीच शिकवलं. उद्या देतो म्हटलं.

३ मार्च
दत्तूचं नाव घातलं. मास्तरांना या वयात कोण घेणार? दत्तूनं अजून तिशी गाठली नाही. बरोबरच केलं.
संध्याकाळी शालनला सांगायला निघालो. स्टँडवर एस.टी. लागली होती. चढलो नाही.

५ मार्च
नोटीस लागली. दत्तूनं फळ्यावर नाव वाचलं. हात धुतले, डबा उचलला, सायकल काढली. माझ्याकडं बघितलं नाही. मालकांचं बोलणं मास्तरांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. दुपारी जेवले नाहीत.

७ मार्च, सोमवार, सुट्टी
शालन एकटीच आली. उंबऱ्यातच उभी. "दादा, नाव घातलंस त्येचं काय न्हाय. नियम हाय, कळतंय मला. पर आदल्या दिशी येऊन सांगायचं हुतंस की. चार माणसांत फळ्यावर वाचलं त्येनं."
बायकोनं चहा टाकला होता. शालन तो न घेताच गेली.

१९ मार्च
नैरोबीची तार नाही. सहातले दोघं इचलकरंजीला यंत्रमागावर लागले. भट्टी आठवड्यातून एकदाच.

४ एप्रिल, सोमवार
शेवटी गडमुडशिंगीला गेलो. दत्तू दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजत होता. बांधावर बसलो. आधी येऊन सांगितलं नाही, चूक झाली, म्हणालो. तो पाटातली माती ओढत राहिला. मग विचारलं, "परत बोलवतील का?"
होय म्हणून टाकावंसं वाटलं. माहीत नाही म्हणालो.
"तिकडं त्या तीन देशांची रेल्वेबी एकच हुती म्हणं. आता तिथल्या कामगारांची यादी कोण करत आसंल?"
मी बांधावरनं उठलो.
निघालो तर म्हणाला, "जेवूनच जावा, पावणं." एरवी शालनसारखं दादा म्हणतो. जेवलो. शालननं वाढलं.
उद्या मालकांनी बोलावलंय. आणखी नावं मागितली तर आधी त्या त्या घरी जाईन. जमेल का, माहीत नाही.