कोड तेहेतीसच्या फोनवर येतो

३ फेब्रुवारी

आज मिशनच्या वसतिगृहाचा जिना आठवला. रविवारी दुपारी आम्ही दोघी मैत्रिणी पायऱ्यांवर बसून कपड्यांची सुटलेली बटणं लावायचो. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. कपडे धुवायला गेले की हरवू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कपड्यांवर नंबर शिवलेला असे. मी बत्तीस, ती तेहेतीस. सिस्टरसुद्धा नंबरानंच हाक मारायच्या. शिवणीच्या आत एक जादा बटण लावून ठेवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. तेहेतीस दातानं दोरा तोडायची आणि बोलणी खायची.

पुढे मी तिच्याच भावाशी लग्न केलं आणि तिच्या बाबांच्या बटणांच्या दुकानात आले. मैत्रीण होती ती नणंद झाली, पण हाक तीच राहिली.

हे सगळं आठवायला निमित्त सकाळचा फोन. आमचं जुनं गिऱ्हाईक, कोपऱ्यावरचा शिंपी. "बाई, तुमच्या वेबसाइटवर शिंपल्याची बटणं मागवायला गेलो, तर टकलावर केस उगवायचं तेल दाखवतंय. धंदा बदललात का?"

मी स्वतः पाहिलं. 'शिंपल्याची बटणं'वर बोट ठेवलं की एक गुळगुळीत डोक्याचा माणूस हसतो! 'कोटाची बटणं'वरही तोच. लहान मुलांच्या बटणांवरही तोच!!

५ फेब्रुवारी

वेबसाइटवाला आला. याचं प्रत्येक वाक्य 'अपडेट करून घ्या'नं संपतं, म्हणून मी त्याला अपडेटराव म्हणते — मनातल्या मनात. त्यानं स्क्रीनवरच्या तेलाकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याच्याही माथ्यावर केस विरळच आहेत.

"काकू, मागणी नोंदवायचा भाग फार जुना झालाय. त्यात भोक होतं. तिथूनच कोणीतरी घुसलं."

"मग आधी का नाही बुजवलंत?"

"मी दर महिन्याला मेसेज करत होतो — अपडेट करून घ्या!"

करत होता, खरं आहे. मी प्रत्येक वेळी 'बरं' लिहून पाठवत होते. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारतोय.

मग त्यानं समजावलं. सॉफ्टवेअर एकदा आणून बसवलं म्हणजे झालं असं नसतं, ते वापरता वापरता सैल होतं. हे मला लगेच पटलं. सैल बटण दिसल्या दिवशीच लावायचं, नाहीतर ते नेमकं लोकांसमोर पडतं. बॅकअपही कळला — शिवणीतलं जादा बटण. तो म्हणाला, "काकू, इतकं चटकन कोणाला कळत नाही." मी फुलून गेले.

पुढच्या वाक्यात हवा गेली. ज्या कंपनीच्या जागेवर आपली वेबसाइट आहे त्यांची नोटीस आली आहे: वीस तारखेपर्यंत साफसफाई आणि अपडेट करा, नाहीतर वेबसाइट बंद. बंद झाली तर दुकानही गेलंच. रस्त्यावरून चालत येऊन आता बटणं घेतं कोण? शिंपी, आणि एखादी चुकून शिरलेली बाई, जिला खरं तर शेजारचं औषधांचं दुकान हवं असतं.

आणि आत शिरायचं तर कोड लागतो. तो कोड येतो तेहेतीसच्या फोनवर. वेबसाइट तिनंच हौसेनं उघडली होती, नंबर तिचाच दिलेला.

"मग नंबर बदला!"

"बदलायलाही आधी कोड लागतो, काकू."

आम्ही दोन वर्षं बोललेलो नाही.

६ फेब्रुवारी

फोन केला नाही. तीनदा हातात घेतला.

ती म्हणाली होती, "दुकान माझ्या बाबांचं. तू लग्न करून आलीस." हे — तिचा भाऊ — जाऊन महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, "मग तूही करायचं होतंस!" ती पर्स उचलून गेली, ती नदीपलीकडच्या दोन खोल्यांत. जाताना मोठी कात्री विसरली. परत न्यायला आली नाही.

७ फेब्रुवारी

केला. अपडेटराव समोर कीबोर्डवर हात ठेवून बसलेला, जणू मी पेटी वाजवायला बोलावलाय.

"कोण?"

"बत्तीस."

"मेलीस वाटलं मला."

"कोड आलाय तुझ्या फोनवर. सांग."

"ना हालहवाल, ना काही! थांब." खूप वेळ थांबवलं. "हं, लिही. एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी, सत्तेचाळीस."

झालं! माझं गणित सगळं इंग्रजीत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी — इतक्या वर्षांत मला कधी धड कळलेलं नाही. ही मात्र लहानपणापासून बाबांच्या गल्ल्यावर बटणं मोजत वाढली. तिला हे पक्कं ठाऊक आहे.

"सुटा सुटा सांग ना गं अंक."

"दुकानात असेच सांगतात. शिकायचं होतंस." आणि फोन ठेवला.

जे ऐकलं ते खोक्याच्या झाकणावर अक्षरात लिहिलं होतं. अपडेटरावही इंग्रजी शाळेतलाच! आधी ५९ नं सुरुवात केली. चूक. मग ७९. चूक. मग ६९. तोही चूक! म्हणजे एकोणसत्तर हा कुठला तरी चौथाच आकडा आहे. वेबसाइटचं दार एक दिवसासाठी बंद.

९ फेब्रुवारी

अपडेटराव म्हणाला, "त्यांना म्हणा, मेसेजच पुढे पाठवा." म्हटलं. उत्तर — "माझा फोन आहे, पोस्ट ऑफिस नाही!"

तिकडे यंत्रानं विचारलं, तुम्ही माणूस आहात का? सिद्ध करायला चित्रांतले सिग्नल निवडायचे. मी नणंदेला पुन्हा फोन करायला निघालेय, याहून मोठा पुरावा काय हवा?

१२ फेब्रुवारी

आज सुटे अंक सांगितले, उपकार केल्यासारखे. "सहा. आठ. एक. आठ. आठ. दोन." चूक! नवा कोड मागवला. त्यातही आठच आठ. हिला आठाचं काय एवढं वेड? तिचा स्वतःचा नंबर मात्र एकदाही आला नाही. आला असता तर लगेच मिरवली असती — बघ, तुझं यंत्रसुद्धा मला ओळखतं!

तिसराही चुकला आणि माझा तोल गेला. "तू मुद्दाम चुकीचं सांगतेयस! दुकान बंद पडलं म्हणजे तुझं समाधान होणार!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

१३ फेब्रुवारी

तेलवाला हसतोय.

१५ फेब्रुवारी

अपडेटराव कंपनीला विनवणी करून पाहतोय. ते म्हणतात, मालकिणीचा कोड द्या. कुठल्या मालकिणीचा, हाच तर प्रश्न आहे.

दुपारी मोठी कात्री पुसून ठेवली. गंजायला नको.

१७ फेब्रुवारी

दार ढकलून आली! न कळवता. तोच करडा कोट, गुंड्या मात्र चुकीच्या काजात — एक वर, एक खाली. बटणवाल्याची मुलगी! मी म्हटलं, "आरसा विकलास का?" ती म्हणाली, "तुला बघायला यायचं म्हणजे नटायचं कशाला?"

एवढं झालं आणि हवा हलकी झाली.

गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली, जणू कालच उठून गेली होती. समोर मिसळलेल्या बटणांचा ढीग होता, मी आठवडाभर टाळत असलेला. ती अपडेटरावशी बोलता बोलता तो निवडायला लागली. खाली बघतसुद्धा नव्हती. अंगठा फिरवायचा, टाकायचं. "शिंपला. शिंग. प्लॅस्टिक. हेही प्लॅस्टिक, शिंग म्हणून घेतलंस ना? फसलीस." अपडेटराव तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

कोड आला. तिनं फोन त्याच्याकडे सरकवला. "तूच वाच रे. मी सांगितलं की हिला कटकारस्थान वाटतं."

त्यानं वाचला. पहिल्या फटक्यात उघडलं!

मग संध्याकाळपर्यंत काम. आधी बॅकअप. मग घुसखोरांनी टाकलेलं सगळं खरवडून काढलं. मग एकेक अपडेट. पट्टी पुढे सरकायची, आम्ही दोघी श्वास धरून. नवा पासवर्ड ठेवायचा तर ती म्हणे तिच्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव, मी म्हणे सिस्टरांचं. अपडेटराव म्हणाला, "दोन्ही नकोत, प्लीज!" शेवटी तीन असे शब्द घेतले की जे एकत्र कुठेच भेटणार नाहीत. इथेही लिहीत नाही.

तेलवाला गेला. शिंपल्याची बटणं परत आली. शिंप्यानं लगेच मागवली आणि वर विचारलं, "ते तेल कुठे मिळेल मग?"

अपडेटराव म्हणाला, "आता कोडचा नंबर बदलून टाकू, काकू? दोन मिनिटांचं काम."

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "नको!"

मग दोघींनी दुसरीकडे बघितलं. मी तिला कात्री दिली नाही. कात्रीसाठी म्हणून तरी परत येईल.

१८ फेब्रुवारी

अपडेटरावचा फोन. आवाज दबका. "काकू, काल कोड वाचताना त्यांच्या फोनवर जुने सगळे कोड दिसले. तुमचं खोक्याचं झाकण शेजारीच पडलं होतं. पहिला कोड होता ६९ ३३ ४७. तुम्ही शेवटी एकोणसत्तर बरोबरच टाकलं होतंत. मधले ३३ त्यांनी ८८ म्हणून वाचले. बाकीच्यांतही तेच. त्यांना नीट दिसत नसावं हो."

तेहेतीस होता. तिचाच नंबर. तिला तो दिसला नाही.

१९ फेब्रुवारी

उद्या रिक्षा घेऊन तिच्याकडे जायचं आणि तिला इथेच राहायला आणायचं. आधी डोळ्यांचा डॉक्टर, भांडण नंतर. खिडकीजवळचा पलंग तिला. मोठी कात्री तिला — धार लावून. गल्ल्यामागचं स्टूल तिचंच आहे, द्यायचं काय त्यात. तिच्या कोटाच्या गुंड्या रोज मी लावायच्या, आणि तिनं बोलायचं. शिंप्याला शिंपल्याची बटणं, एक जादा. पासवर्ड दोघींना. कोड माझ्या फोनवर यावा, असं अपडेटरावला सांगितलं.

वाचून दाखवायचं काम माझं. मराठीत, जोडीजोडीनं. आज एकोणसाठपासून सुरुवात केली आहे.