नवव्या पायरीवरून

चि. सूनबाईस,

आशीर्वाद द्यायचा अधिकार मी घालवला आहे, म्हणून नुसतंच लिहितो.

काल बाळाचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, पेशीच्या आत दोऱ्या असतात. त्यांवरून इवलंसं प्रथिन पावलं टाकत ओझं नेतं. बाळ पोटात असताना त्याचं चालणंच अडखळलं. मेंदूच्या पेशी आपल्या जागी पोचल्या नाहीत, म्हणून मेंदूला घड्या पडल्या नाहीत."

"म्हणजे पोस्टमनच आजारी पडला म्हणा की!" चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

"तसंच समजा. चूक कोणाचीच नाही."

"आणि सातव्या महिन्यात बादल्या उचलल्या तर?"

"त्याचा काडीचाही संबंध नाही."

मला रडू आलं नाही. कविता पुसल्यावर फळ्यावर उरतो तसला पांढुरका धूसरपणा तेवढा डोक्यात होता. पहिला रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "बादल्या उचलायची हौस ना, भोगा आता." त्याच संध्याकाळी तू बाळाला घेऊन माहेरी गेलीस.

इथवर लिहून झालेलं हे पत्र पेटीत न टाकता हातानंच द्यावं म्हणून आज आलो होतो. तुझ्या माहेरचा जिना अठरा पायऱ्यांचा. नवव्या पायरीवर, वरच्या उघड्या दारातून तुझा आवाज कानी पडला. तुला दिवस गेले असताना मी घरभर म्हणत हिंडायचो, ती माझी शाळेतली कविता तू बाळाला म्हणून दाखवत होतीस. तिथूनच मागे फिरलो.

चाळीस वर्षांत दार उघडं असताना एकही पत्र परत आणलं नव्हतं. हे आणलं.

तुझा,
बाबा