आखाजीची इंग्रजी शिवी

मु. निंबखेडे, ता. धुळे
आखाजीनंतरचा नववा दिवस, १९८८

रा. रा. भाईदासभाऊ (मुक्काम मेहरूण, जळगाव) यांस रुपचंदचा नमस्कार. वि. वि. तुमची, वहिनींची आणि तुमच्या पित्ताची तब्येत बरी असावी. इथे गुरंढोरं ठीक आहेत. तुमच्या दोन्ही बहिणी, आमची कमलबाई आणि सुंदरबाई, मात्र एकमेकींशी बोलत नाहीत, आणि तुम्ही कॉलेजात जे इंग्रजी शिकवता ते याच्या मुळाशी आहे असा माझा संशय आहे.

आखाजीला, म्हणजे तुमच्या पुस्तकी अक्षय्य तृतीयेला, नाल्याच्या अलीकडे आमच्या आळीतल्या बाया आणि पलीकडे सुंदरबाईंच्या आळीतल्या, असा शिव्यांचा सामना होतो हे तुम्ही जाणताच (प्राध्यापक झाल्यावर विसरला असाल तर आठवण देतो). दिवस मावळला की शिव्या संपतात, कोणी डूख धरत नाही. यंदा आमची कमलबाई ऐन भरात होती. पलीकडचे सासरे-मेहुणे सोडाच, म्हशीसुद्धा तिने सोडल्या नाहीत. तेवढ्यात सुंदरबाईंची नवी सून पुढे आली. पुण्याची, बीए झालेली. तिने पदर खोचला, हात उगारला आणि "ब्लडी बास्टर्ड!" अशी आरोळी ठोकली. आमच्या आळीचा सामना तिथेच अडला. शिवी केवढी ते कळल्याशिवाय उलट केवढी द्यायची? कळलेली असती तर कमलबाईने संध्याकाळीच सोडून दिली असती. ही न कळलेली ती नऊ दिवस धरून बसली आहे. "मन्हा मायबापवर गयी व्हई," म्हणते (म्हणजे तुमच्याही). जूनमध्ये आमच्या थोरलीचं लग्न आहे आणि सख्ख्या मावशीला आमंत्रण नाही. मला तर झोप लागत नाही हो.

अर्थासाठी मी कमी फिरलो नाही. हायस्कूलचे जीवराम गुरुजी म्हणाले, हे पोर्शनमध्ये नाही, आणि घाईघाईने वर्गात गेले. बँकेतले साहेब म्हणाले, इंग्रज लोक मित्रालाही असं म्हणतात. (मग शत्रूला काय म्हणतात?) शेजारच्या हबीबभाईंच्या डिक्शनरीत नेमकं ते पान फाटलेलं. कोणी फाडलं विचारलं तर नुसते हसले. सगळ्यांना ठाऊक आहे, सांगत कोणी नाही. घरी उलट माझ्यावरच वहीम: "तुम्हले बठ्ठं समजेल शे, पन तुम्ही सांगतस नही." मी मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलो होतो, हे ती आता मानायला तयार नाही.

तरी अर्थ उलट टपाली कळवावा.

आपला,
रुपचंद

ता. क. खरा अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. पत्रात काहीतरी सौम्य घाला, कारण ते कमलबाईसमोर मोठ्याने वाचावं लागेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच ती सून स्वतः येऊन मावससासूच्या पाया पडली. म्हणते, शिवी मावशींना नव्हतीच. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही असा रिवाज असताना बाभळीमागे लपून जो बायकांच्या शिव्या ऐकत होता, त्याला होती. (मी बैल शोधत होतो.) सुंदरबाईही पाठोपाठ आल्या. दोघी बहिणी चुलीपाशी बसून हसताहेत, हळदीचंही ठरलं. कमलबाईने ते दोन्ही शब्द पाठ केलेत आणि मघापासून मला त्याच नावाने चहाला हाका मारते आहे. तेव्हा अर्थाचं राहू द्या. ओ द्यावी की नाही, तेवढं तारेने कळवा.