ऐनाखालचा तोंडाचा व्यायाम

२ सप्टेंबर

आरमोरीत पोचले. चंद्रपूरहून बस मूल-गडचिरोली करत आली आणि शेजारच्या आजीबाईंनी वाटेत माझं गाव, लग्न, पगार सगळं विचारून घेतलं. मी ऐटीत सांगितलं, टसर रेशमाच्या केंद्रात तांत्रिक सहायक म्हणून लागले. त्या म्हणाल्या, म्हंजे कोशाच्या अळ्या राखाले. झालं, माझ्या पदवीचा निकाल लागला!

खोली मात्र झकास. केंद्राच्या आवारातच आहे आणि मागच्या खिडकीतून ऐनाच्या झाडांच्या रांगा दिसतात. त्यांवर दुसऱ्या पिकाच्या अळ्या सोडल्या आहेत, अजून बोटाच्या पेराएवढ्याच. पाखरांपासून त्यांची राखण करतात वच्छलाबाई आणि त्यांचे नवरे झिंगूभाऊ, हातात गुलेर, म्हणजे गलोल, घेऊन. वच्छलाबाईंनी दुपारी मला जेवताना पाहिलं आणि विचारलं, मॅडम, तुमचं तोंड काऊन वाजून राह्यलं जी? ऑगस्टमध्ये अक्कलदाढ काढली, तेव्हा बराच वेळ आ वासून पडले होते. तेव्हापासून घास चावताना डावा जबडा कट्‌कन वाजतो. बाईंना खर्र्याचा, म्हणजे इथल्या घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, संशय आला. इथे तोंडाच्या प्रत्येक दुखण्याला खर्रा कारणीभूत, आणि तरी प्रत्येकाच्या तोंडात खर्रा. मी हसून नाही म्हटलं. पहिली नोकरी, कुणाच्या ओळखीशिवाय मिळवलेली. फार खूश आहे मी.

६ सप्टेंबर

सकाळी वाटलं शेजारी कुकर लागला आहे. शेजारी कुणी राहतच नाही. शिट्टी माझ्या डाव्या कानात आहे, बारीक आणि सलग. पंखा बंद केला, तरी आहे. डोकं उशीत खुपसलं, तर जास्तच. गंमत म्हणजे जबडा पुढे काढला की तिचा सूर चढतो आणि मागे घेतला की उतरतो. दिवसभर हाच खेळ केला, आणि संध्याकाळी चक्क रडले. रडून झाल्यावर स्वतःचाच राग आला.

१० सप्टेंबर

चंद्रपूरला जाऊन आले. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, ऐकणं उत्तम. दातांच्या डॉक्टरबाईंनी कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवलं तशी मी खुर्चीतून उडालेच. त्या म्हणाल्या, शिट्टी बहुधा इथूनच येते आहे, पण खात्री देता येत नाही. मऊ खायचं, शेक घ्यायचा, दातावर दात दाबायचे नाहीत. आरशासमोर तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं, हा व्यायाम रोज करायचा. अगदी शांत जागी बसायचं नाही, सोबतीला एखादा हलका आवाज ठेवायचा. जाईल का, विचारलं तर म्हणाल्या, कमी होईल, नाहीतर सवय होईल.

सवय म्हणे! बाबांनी घरी परत यायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, कानात शिट्टी वाजली म्हणून नोकरी टाकून पळायला मी काय चोर आहे? कान माझा, जबडाही माझाच. दोन्ही मी ताब्यात आणणार.

१७ सप्टेंबर

उपाय सापडला! अळ्या आता करंगळीएवढ्या झाल्यात आणि शेकडो तोंडं एकदम पानं कुरतडतात. ऐनाखाली उभं राहिलं की वर कुरकुर चालू असते आणि खाली त्यांच्या लेंड्या टपटपत असतात. त्या आवाजात शिट्टी बुडून जाते. पूर्ण! मी फायली घेऊन तिथेच बसायला लागले. साहेबांना वाटतं, पोरगी फार कामसू आहे.

वच्छलाबाईंनी एकच नियम सांगितला: ऐनाखाली काही चावायचं नाही. झिंगूभाऊसुद्धा खर्रा थुंकून मगच आत येतात. का, ते बाईंना सांगता येईना. त्यांच्या सासूनं सांगितलं होतं, इतकंच. मी म्हटलं, बाई, मी तर पेजेवर जगते आहे, चावणार काय?

२१ सप्टेंबर

तोंडाचा व्यायामही आता तिथेच करते. शिट्टी नसली की जबडा सैल पडतो. एका फांदीसमोर बसायचं, सावकाश आ करायचा, सावकाश मिटायचं. आज वच्छलाबाईंनी पाहिलं आणि एकदम ओरडल्या की तोंड हलवू नोका इथी. मी समजावलं की मी चावत नाही, हे औषध आहे. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. राहू देत रागावून. आज कट्‌ आवाज एकदाही आला नाही.

२६ सप्टेंबर

अळ्या शेवटची कात टाकण्यासाठी बसल्या. अशा वेळी त्या खाणं थांबवतात आणि डोकं वर करून निश्चल राहतात. सगळं आवार गप्प आहे.

माझ्या कानात मात्र कुरकुर चालू आहे. शिट्टी गेली आणि तिच्या जागी पानं कुरतडल्याचा आवाज आला. मेंदूला सवय लागली असेल, आणखी काय? आमच्या घरी बाबांनी कधी लिंबू-मिरचीसुद्धा दाराला बांधू दिली नाही, मी काय घाबरणार? एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते. कातीला बसलेल्या अळ्या आपापल्या फांदीच्या दिशेनं तोंड करून असतात. या सगळ्या मी रोज बसते त्या जागेकडे तोंड करून आहेत.

२९ सप्टेंबर

कात टाकून झाली. आता अंगठ्याएवढ्या, हिरव्यागार, आणि प्रचंड भुकेल्या. आज मी आ केला आणि कुरकुर थांबली. फक्त माझ्या कानातली नव्हे, झाडांवरचीही. तोंड मिटलं, पुन्हा सुरू. योगायोग म्हणून परत केलं. परत तेच. मग चिडून दहा-बारा वेळा भराभर केलं आणि सगळं आवार माझ्या तोंडाबरोबर थांबत, चालत राहिलं.

वच्छलाबाईंच्या हातातली गुलेर खाली पडली. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाल्या की माझ्या नणंदेचंबी असंच झालं होतं. तिनं ऐनाखाली बसून चिंचोके खाल्ले. मग तिचं तोंड बंद झालं ते उघडलंच नाई. लोक म्हणाले, खर्र्यानं झालं. मॅडम, तुम्ही गावाले जा जी.

मला भीती वाटली. हो, वाटली. पण मी घरी गेले नाही. माझं तोंड बघून अळ्या थांबतात. म्हणजे हुकूम माझा चालतो, त्यांचा नाही.

२ ऑक्टोबर

चुकले. हुकूम माझा नाही.

दुपारी खोलीत होते, दार-खिडकी लावून. दात एकमेकांपासून सुटे, ओठ मिटलेले, डॉक्टरबाईंनी शिकवलं तसे. बाहेर कुरकुर वाढली आणि माझा जबडा हलायला लागला. मी हलवत नव्हते. दोन्ही हातांनी हनुवटी धरली तर हातही वर-खाली. अळ्यांचं पोट भरलं तेव्हा थांबला. आता व्यायाम मी करत नाही, माझ्याकडून करवून घेतला जातोय.

५ ऑक्टोबर

शेवटी बसमध्ये बसले. गडचिरोलीपर्यंतही पोचले नाही. आवार मागे पडलं तशी जुनी शिट्टी परत आली, डोकं फुटेल इतकी, आणि तोंड रिकामंच चावत राहिलं. कंडक्टर म्हणाला, मॅडम, खर्रा बाहेर थुंका. गालाची आतली बाजू रक्ताळली. उतरले. मिळेल त्या गाडीनं परत आले. ऐनाच्या रांगा दिसल्या तशी शिट्टी थांबली.

पळाले तेच चुकलं. यापुढे पळणार नाही. समोर बसून बघते, कोण आधी दमतं ते.

७ ऑक्टोबर

ओढणीनं जबडा डोक्याशी करकचून बांधला. समोर बसले. अळ्यांनी खूप जोर लावला — डोळ्यांपुढे काजवे — पण तोंड हललं नाही. पहिल्यांदाच हललं नाही! झाडावरून काही अळ्या खाता खाता टपकन खाली पडल्या. दमल्या असतील. मी हसले, बांधलेल्या तोंडानं जितकं हसता येतं तितकं. वच्छलाबाई दुरून हात जोडत होत्या. त्यांना हातानंच सांगितलं, जिंकतेय मी.

९ ऑक्टोबर

खाणं बंद. सगळीकडे. अळी कोष करायला लागली की आधी दोन पानं एकमेकांना चिकटवून घेते, मग त्यांच्या आत जाऊन विणते.

आणि कानात — काहीच नाही. शिट्टी नाही, कुरकुर नाही. पहाटेपासून स्वच्छ शांतता. जिंकले! ओढणी सोडली. बाबांना फोन लावला, त्यांना सांगायचं होतं — तोंड उघडेना.

दुखत नाही. फक्त उघडेना.

१० ऑक्टोबर

ओठांच्या फटीत काहीतरी चिकट. मातकट रंगाचं. बोटानं ओढलं, तार आली. येतच राहिली. तोडली. मला या तारेचा पगार मिळतो, मी तिला ओळखणार नाही का? तरी खात्री केली. तुकडा धरून काडी लावली. केस जळल्याचा वास. काळी राख, चिमटीत भुगा झाली.

खरं टसर. उत्तम दर्जाचं.

वच्छलाबाईंना दाखवलं. झिंगूभाऊ गाडी आणायला धावलेत. बाई दाराशी बसून रडताहेत. मला बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे, हात अजून माझे आहेत. कात्री लावून पाहिली, एक पदर तुटतो आणि आतून दुसरा —

मान हलतेय. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. अळी विणताना हलते तशी. हलू दे. मी लिहिणार.

त्याच दिवशी, नंतर

गाडी नाही आली अजून. नाकापर्यंत आलं आहे.

एक गोष्ट अळ्या विसरल्या. कोषातून पतंग बाहेर पडतो तो काही तोडून नाही. लाळेनं कोष भिजवतो, मऊ करतो, वाट करतो. लाळ माझ्याकडेही आहे. तोंड माझं आहे. माझंच आहे. शांततेच्या बदल्यात देऊन टाकीन असं त्यांना वाटलं होतं का —

जिभेनं उजवा कोपरा भिजवते आहे. मऊ होतोय. सुटतोय! बाईंना हात करून दाखवलं. थोडं अजून —

दमले. जीभ मागे घेतली.

कोपरा अजून भिजतोच आहे. मी जीभ मागे घेतली आहे. आतून कुणीतरी —