मागच्या वर्षीचा हशा

सोमवार, ८ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुम्ही, भाऊजी आणि आई ठीक असाल असं धरून चालते. मी बरी आहे. खोकला गेला, जिना चढताना अजून दम लागतो तेवढंच.

पाकीट मुद्दाम भाऊजींच्या गोदामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्यांची औषधांची गाडी इथे माल भरायला येते, तिचा चालक न्यायला तयार झाला. फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि मागून आईंचा आवाज येतो, "कोण, सूनबाई का? त्याला दे म्हणावं." वाचून झालं की पत्र तिथेच फाडून टाका, घरी नेऊ नका.

कॉलेजचं म्हणाल तर शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ वीस तारखेला आहे. हॉल बंद, म्हणून पडद्यावरच. प्रत्येक शिक्षकाने दोन मिनिटं शुभेच्छा आणि सल्ला रेकॉर्ड करून द्यायचा. ते गोळा करायचं काम आमच्याकडच्या तरुण सरांकडे आहे. मुलांनी त्यांचं नाव चार्जर ठेवलंय, कारण वर्गात शिरल्यावर ते फळ्याआधी प्लग शोधतात. मुलांची अवस्था वाईट आहे. ज्यांना नोकरीची पत्रं आली होती, त्यांतल्या निम्म्यांची कंपन्यांनी परत घेतली. त्यांना काय शुभेच्छा द्यायच्या ते कोणालाच सुचत नाही. संचालक म्हणाले, "मॅडम, सरांच्या वाटचेही दोन शब्द तुम्हीच बोला." मी बरं म्हणाले.

तुम्हाला माहीत आहे, निरोपाच्या दिवशी हे मार्केटिंगचे सर म्हणून अर्धा तास बोलायचे, मुलं हसून लोळायची. त्यानंतर अकाउंट्सची मी. माझी दर वर्षी तीच दोन वाक्यं. "तोटा कळला की त्याच दिवशी लिहा. पुढच्या वर्षावर ढकललेला तोटा कमी होत नाही, हिशेब तेवढा खोटा होतो." मागच्या बाकांवरची मुलं माझ्याआधीच म्हणून टाकतात. हे म्हणायचे, "हिचं भाषण होईस्तोवर माझा पाण्याचा ग्लाससुद्धा रिकामा होत नाही."

परवा तीच दोन वाक्यं बोलायला कॅमेऱ्यासमोर बसले. पहिल्याच वाक्याशी अडले. तीनदा बसले. चार्जर सरांना सांगितलं, उजेड कमी पडतोय.

आता तुमच्या मागणीबद्दल. यांना जाऊन महिना उलटला आणि आईंच्या लेखी यांचा घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. हिवाळ्यातल्या त्यांच्या दुखण्यानंतर त्यांच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही म्हणून तुम्ही तेव्हा हे ठरवलंत, आणि येणंजाणं बंद असल्यामुळे ते निभलं. पण निरोपाचं भाषण आई दर वर्षी ऐकतात. ऐकून "फार बोललास, पण बरं बोललास" असं म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यंदा त्या मागणारच. तुम्ही म्हणता, मागच्या वर्षीचं पाठव, त्यांना कळणार नाही.

माझ्या मनाला हे पटत नाही. तरी पाठवते आहे. सुरुवातीला यांनी वर्षाचा उल्लेख केला आहे आणि जुन्या संचालकांचे आभार मानले आहेत, तेवढं चार्जर सरांकडून काढून घेतलं. मला स्वतःला ठेवायला हवंय असं त्यांना सांगितलं. ते जाताना दारातूनच "मॅडम, जेवत जा" म्हणाले.

पुढे तुम्ही म्हणाल तसं.

तुमची भावजय

•

सोमवार, १५ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमची चिठ्ठी चालकाने हातात दिली. मी ती गाडीपाशीच उभी राहून वाचली.

आपण वर्ष काढलं, जुन्या संचालकांचे आभार काढले. हशा कसा राहिला? मी ते भाषण पाठवण्याआधी किती वेळा ऐकलं असेल. मुलं हसताहेत हे मला ऐकूच आलं नाही, मी यांचाच आवाज ऐकत होते.

आईंनी पहिल्यांदा ऐकलं, समाधान झालं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "ही एवढी पोरं कुठे हसताहेत? कॉलेज बंद आहे म्हणालात ना?" त्यावर भाऊजी म्हणाले, "थोडीच बोलावली असतील." भाऊजींना नेमकं त्याच वेळी बोलायचं होतं. आईंचं उत्तर तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय, ते डोक्यातून जात नाही. "थोडी? शंभरेक तरी आहेत. घसा धरलेल्या माणसाला शंभर पोरांपुढे उभा करतात? आणि त्याला अक्कल नाही? तोंडावर काही बांधलेलंही दिसत नाही, आवाज इतका खणखणीत येतोय."

म्हणजे आपण त्यांना मुलगा धडधाकट असल्याचा पुरावा दिला, आणि त्यांनी त्यातून मुलगा जिवावर उदार झाल्याचं ताडलं. आता त्यांनी अन्न कमी केलंय, यांच्याशी बोलल्याशिवाय औषधं घेणार नाही म्हणतात, आणि परस्पर गाडीच्या चालकाला विचारलंय, मला नेशील का. त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. तो "बसा की आजी, पुढची सीट रिकामीच असते" म्हणून मोकळा झाला. आज मलाच विचारत होता, "शुक्रवारी सासूबाई येणार ना? सकाळी त्यांच्या दारातच गाडी आणतो." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

त्यांच्या वयाला, त्या हृदयाला घेऊन, आत्ता या शहरात. आमच्या इमारतीत परवाच आणखी दोन घरं बंद केली. त्या इथे आल्या तर दोन गोष्टी होतील, आणि त्यांतली आधी कोणती होईल तेवढाच प्रश्न आहे.

भाऊजींनी तोड काढली आहे म्हणता. आधी यांना लागण झाली सांगायचं, म्हणजे आई निघणार नाहीत. मग दवाखान्यात नेलं सांगायचं, मग तब्येत खालावली, मग हळूहळू. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की ते माझ्याने होणार नाही. खाट मिळेना म्हणून रात्रभर फोन, मग ती मिळाली म्हणून आनंद, मग खालच्या फाटकापाशी उभं राहून कोणत्या खिडकीत असतील ते शोधणं. ते मी एकदा केलंय. आईंसाठी म्हणून यांना पुन्हा त्या जिन्यावरून चालवत न्यायचं मला सांगू नका.

काल रविवारी मी ठरवून फोन केला होता. सांगायचंच. तुम्ही आईंजवळ बसला होता, तुम्हाला कळलं असेल. आईंनी विचारलं, "घसा कसा आहे त्याचा?" माझ्या तोंडून गेलं, "बरा आहे."

वन्सं, गेल्या पत्रात मी लिहिलं की हे तुम्ही ठरवलंत. सुरुवात तुम्ही केलीत हे खरं. पण तुम्हीच मे संपता संपता म्हणाला होता, की डॉक्टर म्हणतात आता सांगायला हरकत नाही, आपण दोघी मिळून सांगू. नको म्हणाले ती मी. आईंच्या हृदयाचं नाव पुढे केलं.

खरं असं आहे की रविवारी आई विचारतात, "जेवला का?" मी सांगते, जेवले. "कुरकुर करतोय ना, बोलायला मिळत नाही म्हणून?" मी सांगते, पाटीवर लिहून भांडतात. त्या हसतात, मीही हसते. तेवढा वेळ हे आतल्या खोलीत असतात. फोन ठेवला की नसतात. पुढच्या रविवारी काय सांगायचं ते मी गुरुवारपासूनच मनात जुळवायला लागते. पाटीची गोष्ट मला भाजी निवडताना सुचली, आणि मला आनंद झाला होता.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगितलं.

आणखी एक. शेवटच्या वर्षातली पहिली येणारी मुलगी, अबोल आहे, माझ्यासारखीच. तिने फोन केला होता. तिचंही नोकरीचं पत्र कंपनीने मागे घेतलं. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी नीट कपडे करते, लॅपटॉप उघडून बसते, बाबांना वाटतं घरून काम चाललंय. ते शेजाऱ्यांना दार लावून घ्यायला सांगतात, आवाज नको, पोरीची मीटिंग आहे. "मॅडम, काय करू?" तुमच्याच वर्गात शिकलेय, असं ती म्हणाली नाही. मी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. इतकी वर्षं ज्यांना तीच दोन वाक्यं ऐकवली, त्यांतल्या एकीने खरोखर विचारलं तर मी बघू म्हणाले.

फोनवर मला जमणार नाही हे काल कळलं. मी लिहून पाठवते. गुरुवारी रात्री गाडी तिकडे पोचेल, पाकीट चालकापाशीच राहील आणि शुक्रवारी सकाळी तो ते घरी आणेल. या वेळी गोदामाच्या पत्त्यावर नाही, आईंच्या नावाने. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या डॉक्टरांना आधी कळवून ठेवा, गोळ्या हाताशी असू द्या. वाचताना तुमचा आवाज गेला तर थांबा, पण अर्धं वाचून ठेवू नका.

तुमची भावजय

•

गुरुवार, १८ जून

तीर्थरूप आईंना नमस्कार.

हे पत्र वन्सं वाचून दाखवत आहेत. तुमची बॅग दाराशी असेल, तुम्ही चपला घालून तयार असाल. चालकाला मी सांगितलंय की आधी आजींना आत बसवायचं, मग पाकीट द्यायचं. आई, कृपा करून बसा. वन्संचा हात धरा.

तुमचा मुलगा आता नाही. मे महिन्याच्या सुरुवातीलाच गेला. आम्हा दोघांनाही ताप आला होता, मला उतरला, यांना चढत गेला. दवाखान्यात नेलं, खाट मिळाली, औषधं मिळाली, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. मला आत सोडलं नाही, कोणालाच सोडत नव्हते. शेवटचं सगळं तिथल्या माणसांनीच केलं. मी लांबून पाहिलं. कोणी येऊ शकलं नाही, वन्संनाही येता आलं नाही, त्यांना बोल लावू नका.

घसा बसलाय हे आम्ही तुम्हाला सांगत आलो, ते सगळंच खोटं नव्हतं. अखेरचे काही दिवस तोंडात नळी होती, यांना बोलता येत नव्हतं. तिथली एक नर्स संध्याकाळी यांच्या कानाशी फोन धरायची. मग मी बोलायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच मी बोलत होते आणि हे ऐकत होते. काय बोलायचं ते कळत नसे. गळणारा नळ दुरुस्त झाला, कोणत्या मुलाला किती मार्क पडले, तुम्ही फोनवर काय म्हणालात, असलंच. नर्स सांगायची, ऐकताहेत, डोळे उघडे आहेत.

तुम्ही ऐकलेलं भाषण मागच्या वर्षीचं आहे. ते हसणारे सगळे मागच्या वर्षीचे. त्यांतल्या कोणाला धोका नव्हता. या वर्षी यांनी कोणाला जमवलं नाही, कुठे गर्दीत उभे राहिले नाहीत, तोंडाला बांधल्याशिवाय खाली दूध आणायलाही गेले नाहीत. तुम्ही गेला आठवडाभर त्यांच्यावर रागावला आहात असं कळलं. तो राग त्यांच्यावरून काढा. त्यांच्याकडून काही चुकलं नाही. भाषण मी पाठवलं. दर रविवारी खोटं मी बोलले. पाटीसुद्धा नव्हती. माझ्यावर रागवा, मला ते चालेल.

परवा मुलांचा निरोप आहे. मला त्यांना तोटा त्याच दिवशी लिहा म्हणून सांगायचंय, तुम्हाला ते वाक्य पाठ आहे, हे फोनवर माझी नक्कल करून दाखवायचे. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते माझ्या तोंडून निघेना. एका मुलीला मात्र आज सकाळी फोन करून सांगितलं, की आज संध्याकाळी बाबांजवळ बस आणि नोकरी गेल्याचं सांगून टाक. ती म्हणाली, "मॅडम, बाबा खचतील." मी म्हटलं, "खचतील. पण तू जवळ असशील. मलाही आज एकांना कळवायचंय, आणि मी जवळ नाही." त्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी कळवा." हे पाकीट चालकाला दिलं की तिला तसं कळवेन. मग कॅमेऱ्यासमोर बसेन.

तुम्ही इकडे निघू नका. इथे आता पाहण्यासारखं काही नाही, त्यांच्या चपला आणि चष्मा आहे. मी आजारातून उठले आहे, माझ्यापासून धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. गाडीतली पुढची सीट रिकामी असते म्हणे. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारी तिच्यावर बसून मी येते. नाही म्हणालात तर वन्संकडून तसा निरोप द्या, मी समजेन.

आमच्या प्रत्येक पत्राखाली दोघांच्या सह्या असायच्या. हे आधी सही करायचे, तीही एवढी मोठी की माझी कोपऱ्यात कशीबशी बसायची, आणि तुम्ही दर वेळी यांना त्यावरून बोलायचा. आज खाली पुष्कळ जागा उरली आहे. तरी हात सवयीने कोपऱ्यातच गेला.

तुमची सून