नोंद क्रमांक ८७

ठाणे, सोमवार, दुपारी ४.१०

प्रिय बाबा,

हे पत्र येत्या शुक्रवारच्या आत तुम्हाला देता येणार नाही. तरी आजच लिहिते आहे, ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून. पाच वाजेपर्यंत हाताला काम हवं, नाहीतर मी तुम्हाला फोन लावीन.

आमच्या मसाला भरायच्या मशीनमध्ये पावडर नरसाळ्यासारख्या टाकीतून खाली येते. हवा दमट झाली की ती आत कमान धरून अडकते आणि पाकिटांचं वजन चुकतं. दोन वर्षं आम्हाला जमलं नाही, म्हणून कंपनीने हा प्रश्न एका वेबसाइटवर टाकला. तिथे कंपन्या आपले अडलेले प्रश्न मांडतात आणि कुणीही उत्तर पाठवू शकतं. कंपनीचं नाव झाकलेलं, उत्तर देणाऱ्याचंही, फक्त क्रमांक. एकशे त्रेचाळीस उत्तरं आली. पहिली चाळणी माझ्याकडे होती.

८७ नंबरला रेघी वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं. टाकीत वरून सैल लोंबणारी साखळी. पावडर सरकली की साखळी हलते, साखळी हलली की कमान मोडते. मोटर नाही, काही नाही. कडीची जाडी लिहिली होती, दोन सूत. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणणारे फिटर पुष्कळ असतील. पण आपल्या कोपरच्या पिठाच्या गिरणीत अशी साखळी टांगणारा मला एकच माहीत आहे. मी सातवीत होते, दळणाचा डबा घेऊन उभी. गिरणीवाले रतनकाका अडकलेलं पीठ पाडायला दांडक्याने पत्रा बडवायचे, ते तुम्ही साखळी टांगलीत त्या दिवसापासून थांबलं.

नियम असा की ओळख पटली तर परीक्षकाने लिहून देऊन बाजूला व्हायचं आणि निकालापर्यंत त्या माणसाशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. गप्प राहिले असते तर तुमचं उत्तर मीच पुढे पाठवलं असतं. मग निकालाला नावं उघडल्यावर आडनाव जुळलं असतं आणि बापाचं उत्तर लेकीने पास केलं, एवढंच उरलं असतं. कारखान्यात तुमच्या कामावर एकदा साहेबाने स्वतःचं नाव लावलं. या वेळी माझं लागायला नको होतं.

गुरुवारी मी लिहून दिलं. ८७ माझ्या शेजारी बसणाऱ्या दिपेशकडे गेलं. तो वाईट नाही, पण हाताने काढलेलं चित्र दिसलं की म्हणतो, ही काय एलिमेंटरीची परीक्षा आहे का? त्याने प्रश्न पाठवला: सूत म्हणजे किती, मोजमापाच्या पुराव्यासह कळवा, नाहीतर उत्तर बाद. मुदत आज पाच वाजता.

काल मी घरी आले तेव्हा तोच प्रश्न तुमच्या मोबाइलवर उघडा होता. आई म्हणाली, अगं, एवढं इंग्रजी वाचून दे ना त्यांना, सकाळपासून चष्मा काढतायत नि घालतायत. मी नाही म्हटलं. आई म्हणाली, मग एवढी शिकवली ती कशाला? तुम्ही मोबाइल पालथा ठेवलात. राहू दे गं, म्हणालात, तिला आपल्या कामातलं विचारू नये.

ते वाक्य कुठून आलं, मला माहीत आहे. साहेबाने नाव लावलं आणि तुम्ही गप्प बसलात, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. मी जाडी मोजायचा माझा व्हर्नियर तुमच्यापुढे आपटला होता. म्हटलं होतं, मोजून बोला बाबा, अंदाजाने केलेल्या कामाला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत. त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कामाचं काही बोलला नाहीत. व्हर्नियर कपाटात, डब्यातच आहे.

४.४८. दिपेश पलीकडच्या टेबलावर वडा खातो आहे. अजून काही नाही.

४.५७. आत्ता तो ओरडला, ए कृतिका, तुझ्या ओळखीच्याने कडीला व्हर्नियर लावून फोटो पाठवलाय, सहा पॉइंट चाळीस मिलिमीटर! खाली लिहिलंय, मोजून बोलतोय साहेब. मी म्हटलं, मला सांगू नकोस. आणि चहाचा ग्लास ठेवायला उठले.

शुक्रवारी निकाल काहीही लागो, हे मी तुमच्या हातात देईन. काल मी का वाचून दिलं नाही, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. आणि अजून एक. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६.४० आले, तो वरचा फरक तुमचा नाही. त्या व्हर्नियरला शून्यावरच ०.०५ची चूक आहे. मी तो तुमच्यापुढे आपटला तेव्हाही होती, आणि मला ते माहीत होतं.

तुमचीच,
कृतिका