रंगू आधी हसली, मग रडली

आईस, कोऱ्हाळ्याहून द्वारकेचा पायांवर माथा.

धाकटी रंगू माझ्याकडं सुखरूप हाय. तू सांगितलीस तशी मिरच्यांनी दृष्ट काढली. समदं घर खोकत अंगणात पळालं, म्हंजे दृष्ट न्हायच. रंगू तेवढी आत बसून राहिली.

मग मामंजी तिला म्हणाले, "पोरी, रडायचं तर रड. फकस्त म्हशीजवळ नगं, ती पान्हा चोरती."

रंगू हसली, मग लई रडली. म्हणाली, "आक्का, सकाळी उठावंसंच वाटत न्हाय. का, ते माझं मलाच कळंना."

काल तिनं अर्धी भाकर खाल्ली.

इंदापूरच्या पाव्हण्यांना थांबव, लगीन हे औषध न्हाय. बाबांचे गुडघे कसे हायती? त्यांना म्हणावं, तिला आळशी म्हणू नका, एकदा भेटाय या. ती रोज एसटीची वाट बघती, पर सांगत न्हाय.

तुझी द्वारका